दोन सह्यांचं पान

४ जानेवारी

धाकट्या,

पत्ता तुझ्या वहिनीनं दिलेला नाही. तिच्या फोनच्या वहीतून मी चोरला, तेव्हा तिच्यावर रागावू नकोस. तुझा फोन आला की ती स्वयंपाकघरात जाते, दार लोटून घेते, आणि तिचा आवाज आईसारखा होतो. सहा वर्षं मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असल्याचं सोंग करतोय. एकदा पेपर उलटा होता असं ती म्हणते. ती थापा मारते.

कामाचं लिहितो. आपलं विमान शेडमध्येच आहे. मी ते विकलं नाही, मोडीत घातलं नाही. तू गेलास तेव्हा पंख जोडलेले होते, इंजिन बसलेलं होतं, तारा ओढून झाल्या होत्या. राहिलं होतं ते फक्त आतलं. 'आतलं शेवटी करू, आतलं सोपं असतं,' असं तू म्हणायचास. मागच्या वर्षी युनियनचं पद सोडलं आणि दुसऱ्या दिवशी शेडचं कुलूप उघडलं. आत बसून पाहिलं. सगळीकडे नुसता पत्रा, आणि पत्र्यावर तुझं अक्षर. 'इथे भोक नको.' 'ही कडा घास, हात कापेल.' 'दादा, इथे पाय ठेवलास तर याद राख.' सगळं मार्करनं. शिसपेन्सिल ॲल्युमिनियमला खाते, हे तू मला दहादा तरी सांगितलं असशील. तुझ्या उपदेशांनी भरलेल्या त्या डब्यात मी बराच वेळ बसलो होतो.

आतलं सोपं नाही रे. पंख चुकला तर दिसतो. आतलं चुकलं तर त्यावर कापड येतं.

सीटचा फोम कापून झाला. समोरच्या फळीवर काळं, न चमकणारं कापड चिकटवलं, काचेत प्रतिबिंब पडू नये म्हणून. बटणांखाली नावाच्या पट्ट्या लावल्या. प्रत्येक वस्तू लावण्याआधी वजनकाट्यावर ठेवतो आणि ग्रॅम वहीत लिहितो. तुझी वहिनी परवा शेडमध्ये आली, म्हणाली, "अहो, एवढं तोलून मापून आयुष्यात कधी बोलला असतात तर घरात आज चार माणसं जास्त जेवली असती." नियमाप्रमाणे आत एक पाटी लावावी लागते, की हे विमान कारखान्यात नव्हे, हौशी माणसांनी घरी बांधलेलं आहे, बसणाऱ्यानं आपल्या जबाबदारीवर बसावं. ती वाचून म्हणाली, अशीच एक आपल्या घराच्या दारावर पाहिजे होती.

आता मुद्दा. बांधणीच्या वहीचं शेवटचं पान तुला आठवत असेल. विमान दोघांनी बांधलं, तर सह्या दोघांच्या. एकाची असली तर तपासनीस वहीला हात लावत नाही. तो मार्चच्या एक तारखेला येतोय. तुझी सही लागेल. लगेच नाही, पण लागेल. तूर्त एवढंच.

दादा


१९ जानेवारी

धाकट्या,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी टपालवाला कोपऱ्यावर दिसला की मी फाटकाशी असतो. तो आता लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणतो.

सीटची कव्हरं शिवायला द्यायची होती. गावात गाड्यांच्या सीटा शिवणारे दोघं आहेत. दोघांनीही 'विमान' ऐकल्यावर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घोड्याला चष्मा मागतोय. मग मी टेलरबाईंकडे गेलो.

कोण टेलरबाई, ते तुला सांगायला हवं. आडून सांगण्यात अर्थ नाही. कारखान्यात पत्रा दाबायच्या तीन नंबरच्या प्रेसखाली जो गेला, त्याची बायको. तो गेल्यावर युनियननं तिला शिलाई मशीन घेऊन दिलं होतं. आज तिच्याकडे तीन मशीनं आहेत, हाताखाली दोन बायका आहेत, आणि ती कोणाच्या बापाला भीत नाही.

मी तिला सगळं आधी सांगितलं. "विमान माझं आणि माझ्या भावाचं आहे," म्हटलं. "भाऊ म्हणजे तोच."

ती दोरा ओवत होती. ओवून झाल्यावर म्हणाली, "सीट किती?"

"दोन."

"कापड आणलंय?"

"आणलंय. पण आधी जाळून बघावं लागतं. काडी धरायची आणि काढायची. काडी काढल्यावर पेटत राहिलं तर ते कापड बाद."

"दादा, माणसांसाठी असले नियम कधी झाले हो?" एवढं म्हणाली आणि मापाची पट्टी गळ्यात टाकून माझ्याबरोबर निघाली.

तू म्हणशील, हिच्याकडेच कशाला गेलास? दोघांनी नाही म्हटलं, म्हणून गेलो. हे एक कारण झालं. दुसरं मला नीट सांगता येत नाही, आणि मला नीट सांगता न येणारी गोष्ट म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

तिनं तुझ्याबद्दल काही विचारलं नाही. पत्र्यावरचं तुझं अक्षर मात्र सगळं वाचलं. 'दादा, इथे पाय ठेवलास तर' पाशी थांबली, हसली नाही, पण थांबली.

सहा वर्षांपूर्वी जे झालं त्यावर माझं मत बदललेलं नाही, हेही लिहून ठेवतो. उगाच गैरसमज नको. प्रेसची जाळी उघडी असताना प्रेस खाली येता कामा नये. ती अडवणारा खटका बिघडलेला होता. तो महिन्याला तपासायचा, आणि तपासला अशी सही करायची, हे मेन्टेनन्सचा सुपरवायझर म्हणून तुझं काम होतं. त्या महिन्यात तू न बघता सही केलीस. तीस मशीनं, दोन माणसं, वरून घाई, सगळं खरं. पण कामगाराच्या जिवापुढे 'घाई होती' हा शब्द मी मालकाला कधी बोलू दिला नाही, तो भावाला कसा बोलू देऊ? गेटसभेत तो कागद मी वाचला. तुझं नाव वाचलं. उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा वाचीन.

सीटच्या शिवणी दुहेरी घातल्या आहेत. कव्हरं मोठी झकास झाली आहेत.

दादा


८ फेब्रुवारी

धाकट्या,

आतलं संपलं! सीटा बसल्या. खाली गालिचा, त्याच्या कडा गोट घालून शिवलेल्या, कारण सुटलेला धागा पायाच्या पेडलमध्ये अडकतो, हे मी सांगायच्या आत टेलरबाईंनीच ओळखलं. दोन्ही बाजूंच्या भिंतींना कापड लावलेल्या पातळ पत्र्याच्या फळ्या. सगळं मिळून साडेचार किलो. तू पाचाची मुभा दिली होतीस.

डाव्या फळीनं जरा छळलं. कापडाखाली मी फोमचा पातळ थर दिला होता, कोपर टेकायला बरं. त्यानं फळी जाड झाली आणि तुझे आखूड स्क्रू नटापर्यंत पोचेनात. मग त्याच्या पुढच्या मापाचे वापरले. छान आवळले गेले.

कॅप्टन येऊन बसून गेले. उभी हयात शेतांवर फवारणीची विमानं उडवून निवृत्त झालेला माणूस. पहिलं उड्डाण तेच करणार आहेत. सीटवर हात फिरवून म्हणाले, "दादा, आतून नवरीसारखं नटवलंय. पण मला आतलं नको, मला परत जमीन पाहिजे."

"जमीन कुठे पळून जातेय!" मी म्हटलं.

"तीच तर भीती आहे. ती जागची हलत नाही आणि आपण फार वेगानं येतो."

आम्ही दोघंही खूप हसलो. टेलरबाई उजव्या सीटचा पट्टा सरळ करत होती. ती हसली नाही. म्हणाली, "तो चालवायचा दांडा पोटाशी ओढला की खर्र वाजतं. डावीकडून."

मी ओढून पाहिलं. वाजलं असेल, नसेल. म्हटलं, "नवं कापड आहे, घासतंय. वापरून बसेल जागेवर."

"मशीनमधून असा आवाज आला तर मी आधी सुई थांबवते."

"बाई, हे शिलाई मशीन नाही."

तिनं सुया डबीत मोजून भरल्या. एकही आत राहू द्यायची नाही, हा तिचाच नियम आहे. आणि गेली.

वहीत आजची नोंद केली. 'डावी-उजवी फळी बसवली. दांडा सर्व दिशांना फिरवून पाहिला. मोकळा.' सही केली.

आता शेवटचं पान राहिलं. तेच यासोबत वहीतून सोडवून पाठवतोय. माझी सही केलेली आहे. खालच्या ओळीवर तुझी कर आणि लगेच उलट टपाली पाठव. यायची गरज नाही. माझ्याशी बोलायची गरज नाही. तपासनीस एक तारखेला येतोय, एवढं ध्यानात ठेव. एका सहीला किती वेळ लागतो?

दादा


२३ फेब्रुवारी

पान परत आलं.

सोबत पत्र नाही. सहीच्या जागेवर सही नाही. समासात तुझ्या अक्षरात दोन शब्द: 'न बघता?'

मी तुला आजवर शिव्या दिल्या नव्हत्या. आज दिल्या. मोठ्यानं, शेडमध्ये, एकटाच. उपकार करतोय तुझ्यावर, म्हटलं. तुझं अर्धवट टाकलेलं पुरं करतोय, गुडघे फोडून, या वयात. आणि हा मला टोमणे मारतो! घरी जाऊन पान तुझ्या वहिनीपुढे आपटलं. म्हटलं, बघ, तुझा लाडका दीर.

तिनं वाचलं. मग वरची माझी सही वाचली. मग पुन्हा समासातले दोन शब्द. म्हणाली, "तुम्ही त्याला काय करायला सांगितलं होतं?"

"सही."

"कशावर?"

"विमान नीट झालंय यावर."

"त्यानं बघितलंय का विमान?"

मी पान उचलून घडी घालू लागलो.

"ज्या गोष्टीसाठी त्याला चारशे माणसांपुढे उभं केलंत, तीच गोष्ट त्याच्याकडून टपालानं मागवलीत?" असं म्हणून ती आत गेली. या बाईनं आयुष्यात एकही भाषण केलं नाही. बरं झालं. माझं दुकान कधीच बंद पडलं असतं.

धाकट्या, मी शपथेवर सांगतो, पाकीट चिकटवताना हे माझ्या डोक्यात आलंसुद्धा नाही. पुढे काय लिहावं कळत नाही. शपथेवर सांगतोय हा बचाव नाही, हीच कबुली आहे.


२५ फेब्रुवारी

धाकट्या,

काल सकाळी शेडमध्ये गेलो आणि डावी फळी खोलली.

बारा स्क्रू. नऊ ठीक. दोन जरा जास्त बाहेर आलेले, पण कशाला लागत नव्हते. बारावा, खालून दुसरा. त्याचं टोक थेट नळीसमोर. तीच नळी, जी दांड्यापासून शेपटीपर्यंत जाते आणि जिच्यामुळे विमानाचं नाक वर होतं, खाली होतं. दांडा पोटाशी ओढला की नळी मागे सरकते आणि टोक तिला ओरखडतं. नळीवर बोटभर लांबीचा चरा पडला होता. नखानं चाचपला तर नख अडकत होतं. इतक्या पातळ नळीवर नख अडकलं तर पुढे काय होतं, ते मला तूच शिकवलं आहेस. ती पहिल्या उड्डाणात तुटत नाही. पाचव्यात नाही, दहाव्यात नाही. ती कधीतरी तुटते, आणि तुटते ती जोर लागतो तेव्हाच, म्हणजे जमीन जवळ आलेली असताना.

सीटवर कॅप्टन असते. त्यांना नातवंडं आहेत.

आता जे आधीच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहितो. फळीमागच्या पत्र्यावर तू लिहून ठेवलं होतंस. 'इथून नळी जाते. आखूड स्क्रूच.' खाली दोन रेघा. मी ते वाचलं होतं. फळी बसवण्याआधी, भर उजेडात, चष्मा लावून वाचलं होतं. आणि मनात म्हटलं, चार आटे जास्त गेल्यानं काय आभाळ कोसळतंय? एक तारीख डोक्यावर होती. मग तुझ्या अक्षरावर मी फळी बसवली.

आणि दांडा सगळ्या दिशांना फिरवून पाहिला, ही वहीतली नोंद. टेलरबाई बोलली तेव्हा एकदा ओढला, तेवढाच. नोंद करताना मी सीटमध्ये नव्हतोच, टेबलाशी होतो. आठवड्यातल्या सगळ्या नोंदी एका बैठकीत उरकत होतो.

मी चाळीस वर्षं व्यासपीठावरून सांगत आलो, की न बघता सही करणारा हात वेगळा असतो. तो निष्काळजी असतो, विकला गेलेला असतो, माणसाला माणूस समजत नाही. मी तो हात काल टेबलावर ठेवून नीट पाहिला. काही वेगळा नाही. दमलेला होता आणि काम संपल्याच्या आनंदात होता. तुझा कसा होता ते मी तुला कधी विचारलं नाही.

वहीतल्या त्या नोंदीवर आडवी रेघ मारली. एकच, खालचं वाचता येईल अशी. खोडरबर नाही, पान फाडणं नाही, हा तुझाच नियम. शेजारी लिहिलं: 'ही नोंद खोटी आहे. तपासलं नव्हतं.' तारीख, सही. तपासनिसाला फोन करून सांगितलं, येऊ नका. तो म्हणाला, पुढची तारीख पावसाळ्यानंतर मिळेल. म्हटलं, चालेल. कॅप्टनना घरी जाऊन सांगितलं. त्यांनी चरा कुठे पडला, किती लांब, किती खोल, सगळं शांतपणे विचारून घेतलं. शेवटी दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "सांगायला आलात. मी ज्यांच्यासाठी उडवलं त्यांच्यातलं कुणी कधी आलं नव्हतं." मला ते शाबासकीसारखं वाटू लागलं, म्हणून मी लगेच निघालो.

अजून एक सांगायचं आहे, ते आज लिहवत नाही.

दादा


३ मार्च

धाकट्या,

काल टेलरबाईंच्या दुकानात गेलो. तिन्ही मशीनं चालू होती. "तुम्ही ऐकलेला आवाज खरा होता," म्हटलं, आणि सगळं सांगितलं. हाताखालच्या दोघींनी मशीनं थांबवली. तिनं शिवण टोकापर्यंत नेली, दोरा तोडला, मग मान वर केली.

"म्हणजे तुम्हीही," ती म्हणाली.

"मीही."

"मग आता तुमचं नाव कोण वाचणार?"

"मीच वाचून दाखवतोय. तुमच्यापुढे."

"हे बरंय. तुमचं तुम्हाला वाचता येतं. भावाचं तुम्ही वाचलंत."

धाकट्या, तिथे मला पाणी मागावं लागलं. आणि मग मी तिला ती गोष्ट सांगितली जी तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि तिसऱ्या कुणाला नाही. तुझ्या वहिनीलासुद्धा नाही. ती त्या दिवशी माहेरी होती.

गेटसभेच्या आदल्या संध्याकाळी तू माझ्याकडे आला होतास. हातात तो कागद. मी ताट घेऊन बसलो होतो. तू बसला नाहीस. म्हणालास, "दादा, ही सही माझी आहे. मी खटका बघितला नव्हता. उद्या सभेत मी स्वतः सांगणार आहे. तिच्यासमोर सांगणार आहे. फक्त मला आधी दोन मिनिटं बोलू दे, मग तू काय बोलायचं ते बोल." मी म्हटलं, "कागद ठेव. उद्या बघू." तू ठेवलास. भाऊ म्हणून ठेवलास.

आणि दुसऱ्या दिवशी मी तुला बोलू दिलं नाही. फाटकावर चारशे माणसं पेटलेली होती. गुन्हेगार स्वतःहून पुढे आला तर सभा विझते, हे मला अनुभवानं माहीत होतं. सापडलेला गुन्हेगार पाहिजे होता. मी कागद उंच धरला आणि म्हणालो, "हा कागद दडपला जाणार होता! हा आपल्या हाती लागला आहे!" सगळ्या भाषणात खोटं एवढंच. बाकी शब्द न् शब्द खरा होता. तू तिसऱ्या रांगेत होतास. दोन पावलं पुढे आलास. मी पाहिलं. तुझं नाव घेतलं आणि लोकांचा असा आवाज उठला, की त्यात तुझं तोंड हललेलं फक्त दिसलं.

त्या भाषणामुळे भरपाई मिळाली, सगळ्या प्रेसना नवे खटके बसले. हे मी स्वतःला सहा वर्षं सांगत आलोय. तेही खरं आहे. पण तू दोन मिनिटं मागितली होतीस. ती दिली असती तरी खटके बसले असते. मी तुझा गुन्हा वाचला, तो माझा अधिकार होता. तुझी कबुली चोरली, तो नव्हता.

हे सगळं मी टेलरबाईंना सांगितलं. तिनं हातातली कात्री खाली ठेवली.

मग म्हणाली, "सहा वर्षं मी त्याला शिव्या घालते. रोज नाही, पण घालते. त्यातल्या निम्म्या सहीसाठी. त्या त्याच्याच आहेत, त्या मी ठेवणार. निम्म्या घातल्या, की तोंड लपवून बसला, पळाला, एकदा माझ्या दारात आला नाही. त्या आता कुठे ठेवू? परत कशा घेतात शिव्या? सांगा ना, तुम्हाला तर सगळं बोलता येतं."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आणि मला अर्धं सांगितलंत," ती म्हणाली. "मेलेला माझा होता. मला पुरं कळायला पाहिजे होतं."

उठलो तेव्हा तिनं फळीचं कापड मागितलं. म्हणाली, मधला फोम काढून पुन्हा शिवते, पातळ. "शिवणीचं काम मी अर्धं सोडत नाही. याचा अर्थ दुसरा काही काढू नका." मी काढला नाही.

घरी येऊन तुझ्या वहिनीलाही सांगितलं. ती कालपासून माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते. मीठ घ्या. दार लावा.

दादा


१५ मार्च

धाकट्या,

युनियनच्या नव्या सरचिटणिसाकडे दहा मिनिटं मागितली होती. पोरगेला आहे, माझीच भाषणं ऐकून आलेला. त्याला वाटलं जुना माणूस आहे, दोन जोरदार वाक्यं टाकेल, सभा तापवून देईल. शिफ्ट सुटताना फाटकावर त्यानं माझी ओळख करून दिली, टाळ्या झाल्या.

मी कागद घेऊन गेलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा वाचून बोललो. तू आदल्या संध्याकाळी आलास ते. काय म्हणालास ते, तुझ्याच शब्दांत. मी काय केलं ते. तुझी सही न बघता होती हेही पुन्हा सांगितलं, कारण ते खरं आहे आणि तुलाही ते झाकलेलं चाललं नसतं. मग माझ्या वहीतली नोंद, नळी, चरा. सहा मिनिटांत संपलं. टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत. अर्धी माणसं नवी होती, त्यांना तू कोण हेच माहीत नव्हतं. ती घड्याळाकडे बघत होती. जुन्यांपैकी स्टोअरमधला टकल्या ओरडला, "दादा, हे सांगायला सहा वर्षं?" मी म्हटलं, "हो." दुसरा कुणीतरी म्हणाला, "अहो, त्यापायी तो माणूस गावातून उठला ना!" त्यालाही 'हो' म्हटलं. इतकं पडलेलं भाषण मी कधी केलं नव्हतं. बसेस लागल्या आणि माणसं पांगली. सरचिटणीस माझ्याकडे न बघता माइक गुंडाळत होता.

टेलरबाई फाटकाच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला उभी होती. मी बोलावलं नव्हतं. जवळ जावं की नाही कळेना. तीच आली.

"तुमच्या भावाला काय म्हणायचं होतं, ते मला तुमच्या तोंडून नकोय," ती म्हणाली. "आजही तुम्हीच बोललात. त्यांना बोलवा. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. आणि मला जे बोलायचंय ते त्यांनी ऐकायचं. चांगलं बोलेन असं नाही. आधीच सांगून ठेवा."

म्हणून सांगतोय. ती चांगलं बोलेल असं नाही. तू येऊन दारात उभा राहिलास तर कदाचित तुझ्या हातात शिव्यांनी भरलेली थैली देईल आणि दार लावून घेईल. मी तुला क्षमेचं आमिष दाखवत नाही. ती माझ्याकडे नाही, आणि तिच्या वतीनं मी आता काही देऊ करत नाही.

विमानासाठी ये असंही म्हणत नाही. नळी काढून ठेवली आहे, नवी आणलेली नाही. ते तुझं काम होतं. करायचं की नाही तू ठरव. नाही केलंस तर मी ते कधीच उडवणार नाही, आणि त्याचा बोजा तुझ्यावर नाही.

फक्त तिच्यासाठी ये. तिचं दुकान बसस्टँडसमोरच्या गल्लीत आहे, निळं दार, पाटी नाही. गुरुवारी हाताखालच्या बायका सुट्टीवर असतात, ती एकटी असते. माझ्या घरावरून जायची गरज नाही, स्टँडवरून सरळ जाता येतं. आलास हे मला कळवलं नाहीस तरी चालेल. तुझ्या वहिनीला कळव, तिला तुझ्यासाठी काही करून ठेवायचं असतं.

तिथे मी नसेन. तुमच्या दोघांमध्ये जे बोलणं सहा वर्षांपूर्वी व्हायचं होतं, त्यात मी चारशे माणसं आणि एक माइक घेऊन घुसलो. आता तुम्ही काय बोललात ते मी तुलाही विचारणार नाही, तिलाही नाही.

तुझा
दादा